बँडचं नाव नको, रेकॉर्ड सांग

प्रश्न असा आला: "ताई, जानेवारीत कॉलेजच्या हॉलमध्ये आमच्या ग्रुपला ४० मिनिटं मिळाली आहेत. पोस्टरवर 'प्रोग्रेसिव्ह रॉक', म्हणजे 'प्रॉग', छापायचं ठरलं. गाण्यांची यादी करायला बसलो आणि भांडण लागलं. बेसवाला म्हणतो, पिंक फ्लॉइड प्रॉग नाहीच, ते सायकेडेलिक. गिटारवाल्याला टूल आणि ड्रीम थिएटर सोडून काही मान्य नाही. कीबोर्डवालीला क्वीन आणि रेडिओहेड हवेत. मी ड्रमवर, ढोल पथकातून आलेला, मधल्या मध्ये अडकलोय. प्रॉगमध्ये कोण बसतं आणि कोण नाही, हे ठरवायचं कशावरून?"

सरळ उत्तर आधी देते. बँड प्रॉग आहे की नाही यावर भांडत बसू नका, रेकॉर्डचं नाव घ्या आणि तिच्यावर भांडा. जेनेसिस म्हटलं की तुझ्या डोळ्यांसमोर काय येतं? १९७२ च्या 'फॉक्सट्रॉट'वरचं २३ मिनिटांचं 'सपर्स रेडी' की १९८६ चं 'इन्व्हिजिबल टच'? टोनी बँक्स, माइक रदरफर्ड आणि फिल कॉलिन्स दोन्हीकडे तेच आहेत. यसचीही तीच गोष्ट. १९७२ चं 'क्लोज टू द एज' म्हणजे अख्ख्या रेकॉर्डवर तीनच गाणी, आणि १९८३ चं '९०१२५' म्हणजे 'ओनर ऑफ अ लोनली हार्ट', जे अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं. नावावर एकदा शिक्का मारलात की या दोनपैकी एका रेकॉर्डवर अन्याय होणारच.

आपल्याला 'अमुक घराण्याचा गवई' म्हणायची सवय आहे, ती इथे आडवी येते. घराण्यात गुरू असतो, तालीम असते, आणि ती तालीम गाणाऱ्याच्या गळ्यातून आयुष्यभर ऐकू येते. रॉक बँडमध्ये दर दोन वर्षांनी माणसं बदलतात. किंग क्रिमसनमध्ये पहिल्या दिवसापासून शेवटपर्यंत राहिलेला माणूस एकच, रॉबर्ट फ्रिप. १९६९ ची पहिली रेकॉर्ड आणि १९७४ ची 'रेड' यांत त्याच्याशिवाय सलग टिकलेलं कोणी नाही. मग 'किंग क्रिमसनची गायकी' कोणाला म्हणणार?

दुसरी गोष्ट. बँडवाले मुलाखतीत काय म्हणतात, हा पुरावा धरू नका. तुमच्या भांडणात कोणीतरी नक्की म्हणालं असेल, "रेडिओहेडवाले स्वतःच प्रॉग हा शब्द झटकतात." झटकू देत. जेथ्रो टलच्या इयन अँडरसनचं उदाहरण बघ. १९७१ च्या 'अ‍ॅक्वालंग'ला समीक्षक कन्सेप्ट अल्बम, म्हणजे एकाच कल्पनेभोवती गुंफलेली रेकॉर्ड, म्हणायला लागले, त्याला ते पटलं नाही. मग या सगळ्या प्रकाराची थट्टा करायची म्हणून त्याने १९७२ मध्ये 'थिक अ‍ॅज अ ब्रिक' काढलं. दोन्ही बाजू मिळून एकच गाणं, ४३ मिनिटांहून जास्त, कव्हर म्हणून अख्खं खोटं वर्तमानपत्र, आणि शब्द म्हणे एका आठ वर्षांच्या मुलाचे. थट्टा म्हणून केलेली ती रेकॉर्ड आज प्रॉगच्या पहिल्या दहांत घ्यावी लागते, कारण आतलं काम तितकं चोख आहे. करणाऱ्याच्या मनात काय होतं हे त्याच्यापाशी राहतं, आपल्या हाती फक्त वाजलेलं येतं.

आता लोक ज्या खुणा सांगतात त्या बघू.

पहिली खूण लांबी. वीस मिनिटांचं गाणं म्हणजे प्रॉग, असं धरून चालतात. पण हे वीस मिनिटं आलं कुठून? एलपीच्या एका बाजूवर चांगल्या आवाजात साधारण वीस-बावीस मिनिटं मावतात. इमर्सन, लेक अँड पामरचं 'टार्कस' एक बाजू, पिंक फ्लॉइडचं 'एकोज' एक बाजू, रशचं '२११२' एक बाजू. म्हणजे लांबी ठरवली ती तबकडीने. जितकं मोठं पातेलं तितका भात शिजवला, इतकंच. भात चांगला झाला की नाही हे पातेल्यावरून कळत नाही. नाशिकच्या मेन रोडवरून कोऱ्या ९० मिनिटांच्या कॅसेटी आणून मी या रेकॉर्डी उतरवून घ्यायचे. एका कॅसेटमध्ये दोन एलपी बरोबर बसायच्या, एक इकडे, एक तिकडे. त्यामुळे मी 'थिक अ‍ॅज अ ब्रिक' पहिल्यांदा ऐकलं ते सलग. मूळ रेकॉर्ड मधे उलटावी लागते आणि तिथे आवाज विरत जातो, तो त्या उलटण्यासाठी, हे मला फार उशिरा समजलं.

दुसरी खूण विषम मात्रा. या खुणेवर आपण मराठी कानाच्या लोकांनी तरी फसू नये. पिंक फ्लॉइडच्या 'मनी'चा रिफ, म्हणजे पुन्हा पुन्हा येणारी छोटी सुरावट, सात मात्रांचा, म्हणून पोरं चकित होतात. अरे, सात मात्रांचा रूपक आपण दहा-बारा वर्षांच्या मुलांना शिकवतो, आणि दहाचा झपताल त्याच्या पुढच्या वर्षी. रूपकात बांधलेलं भावगीत म्हणून काही प्रॉग होत नाही. डेव्ह ब्रूबेकच्या चौकडीने १९५९ मध्येच 'टेक फाइव्ह' पाचात वाजवलं होतं, ते जॅझच राहिलं. आणि 'मनी' स्वतःसुद्धा गिटारचा सोलो आला की सात सोडून चारात येतं. म्हणजे सात हा त्या गाण्याचा कणा नाही, त्याची चाल आहे, चालण्याची ढब.

मेलोट्रॉन, केप घातलेला कीबोर्डवाला, परीकथांची कव्हरं, या तिसऱ्या खुणेवर वेळ घालवत नाही. मेलोट्रॉन हे टेपचं वाद्य आहे. प्रत्येक पट्टीखाली टेपची एक फीत, पट्टी दाबली की आठेक सेकंद तो सूर वाजतो आणि फीत संपते, मग बोट उचलावंच लागतं. त्या मर्यादेतून जे श्वास घेतल्यासारखं वाजणं आलं ते मला अतिशय आवडतं. पण बीटल्सनीही ते वापरलं आणि मूडी ब्लूजनीही. वाद्यावरून कुळ सांगता येत नाही. पेटी भजनातही असते आणि लावणीतही.

मग कसोटी कोणती? मला ती कशी सापडली ते सांगते, म्हणजे तुला वापरताही येईल.

मी पंचवटीत पेटी शिकले. त्याच पंचवटीत विष्णु दिगंबर पलुसकर राहून गेले, पण माझे गुरुजी लिहायला भातखंडे पद्धत शिकवत. समेला फुली, खालीला शून्य, एका मात्रेत दोन स्वर आले तर खाली कंस, कोमल स्वराखाली आडवी रेघ. पाश्चात्त्य नोटेशन मला १९९१ साली येत नव्हतं. कॉलेजातल्या एका सिनियरने किंग क्रिमसनच्या 'रेड' रेकॉर्डची कॅसेट दिली, त्यातलं शेवटचं गाणं 'स्टारलेस', बारा मिनिटांचं. ते मला इतकं लागलं की उतरवून काढायचं ठरवलं, जसं येतं तसं, सा रे ग म मध्ये. २०० पानी वही, टेपरेकॉर्डरचं रिवाइंडचं बटण, आणि उन्हाळ्याची सुट्टी.

पहिल्या पानावर सुरुवातीची सुरावट आली. मेलोट्रॉनच्या संथ सुरांवर येणारी, चार मात्रांत, सरळ, करुण. त्यावर जॉन वेटनचं गाणं. हे दोन-तीन पानांत झालं. मग मधला भाग सुरू झाला आणि माझे खाने चुकायला लागले. सोळाचे आखले, बसेनात. चौदाचे आखले, एक मात्रा उरायची. शेवटी अंगठा बोटांच्या पेरांवर ठेवून मोजत गेले, बेसची ओळ पुन्हा पहिल्या सुरावर कधी येते ते धरून, आणि आकडा आला तेरा. तेराचे खाने आखले तेव्हा बेस बरोबर समेवर पडला. त्या तेरावर फ्रिपचं गिटार एकच स्वर वाजवत राहतं. माझ्या वहीत अर्धं पान नुसता तोच स्वर आहे. मग एक पायरी वर, पुन्हा अर्धं पान. ड्रमवर बिल ब्रूफर्ड आधी जवळजवळ काहीच करत नाही, मग एकेक ठोका वाढवत जातो. गिटार चढत जातं, ताण असह्य होतो, आणि मग लय दुपटीने धावते.

आणि शेवटच्या पानावर मी जी ओळ लिहिली ती पहिल्या पानावरचीच होती. तीच सुरावट. पण आता सॅक्सोफोनवर, पूर्ण आवाजात, मधल्या सगळ्या चढणीचं ओझं अंगावर घेऊन. मी दोन्ही पानं शेजारी धरून बघितली. स्वर तेच होते, पण पहिल्या पानावर ते दुःख सांगत होते आणि शेवटच्या पानावर ते दुःखातून चालत आले होते. मधली पानं फाडून टाकली असती तर शेवटच्या ओळीला काही अर्थ राहिला नसता.

तेव्हापासून माझी कसोटी ही: गाणं वहीत उतरवावं. सुरुवातीला मांडलेला ऐवज पुढे बदलत, वाढत जातो का, आणि परत येतो तेव्हा मधल्या प्रवासाने त्याचा अर्थ बदललेला असतो का? आपल्याकडे याला शब्द आहे, बढत. ज्या रॉक रेकॉर्डमध्ये बढत हाच रचनेचा कणा आहे ती प्रॉग. ज्या गाण्यात कडवं-ध्रुवपद-कडवं आहे आणि मधे फक्त करामत घातली आहे, ते कितीही अवघड असो, प्रॉग नव्हे.

क्लासमध्ये हे सांगितलं की एक जण हमखास विचारतो, मग ख्यालही प्रॉग झाला का? नाही. ख्यालात बढत गाणाऱ्याच्या त्या क्षणीच्या विचारातून होते, दर मैफलीत वेगळी. प्रॉगमधली बढत आधी ठरवलेली, तालमीत बसवलेली, आणि ती इलेक्ट्रिक गिटार, बेस, ड्रम, कीबोर्ड या रॉकच्या घरातल्या वाद्यांवर. घर रॉकचं हवं. याच कारणाने महाविष्णू ऑर्केस्ट्राबद्दल माझं मत बहुतेकांना पटत नाही. १९७३ चं 'बर्ड्स ऑफ फायर' मी प्रॉगच्या शेजारच्या घरात ठेवते. तिथली विषम लय कोणत्याही प्रॉग बँडला भारी पडेल, त्यांचा म्होरक्या जॉन मॅक्लॉफ्लिन याने आपला भारतीय ताल नुसता उसना घेतला नाही, तो त्याच्या हातात मुरला होता. पण तिथे मांडणी झाली की गाणं सोलोंच्या हवाली होतं, आणि बढत होते ती त्या सोलोंमध्ये, वाजवणाऱ्याच्या त्या वेळच्या सुचण्यातून. ते घर जॅझचं.

आता तुमच्या भांडणाकडे येते.

पिंक फ्लॉइड. बेसवाल्याला सांग, तू १९६७ ची पहिली रेकॉर्ड धरून बोलतोयस, आणि तिच्यापुरतं तुझं बरोबर आहे. सिड बॅरेटचा तो बँड सायकेडेलिकच. पण १९७१ चं 'एकोज' उतरवून बघ. सुरुवातीला पियानोचा एकच सूर, लेस्ली नावाच्या फिरत्या स्पीकरमधून काढलेला, पाण्यात थेंब पडावा तसा. मग गाणं, मग रिफ, मग वाऱ्याचा आणि किंकाळ्यांचा तो लांब, ओसाड भाग. तिथे आपण वाट चुकलो असं वाटतं, आणि तेवढ्यात तोच थेंब परत पडतो. त्या एका सुरावर सगळं गाणं पुन्हा उभं राहतं. ही बढत नाही तर काय? 'डार्क साइड ऑफ द मून'मध्ये 'टाइम'च्या शेवटी 'ब्रीद' परत येतं, आणि सुरुवातीचं थकलेलं गाणं आता घरी आलेल्या माणसाचं होतं. १९७७ चं 'अ‍ॅनिमल्स' तर दोन छोट्या अकूस्टिक गाण्यांच्या चौकटीत बसवलेलं आहे, पहिलं आणि शेवटचं, चाल तीच. 'द वॉल'मध्ये विटेचं गाणं तीनदा येतं, दर वेळी वेगळ्या संतापाने.

फ्लॉइडवर खरा आक्षेप वेगळाच असतो, लोक तो उघड बोलत नाहीत. त्यांना वाटतं, यांच्या हातात वेग नाही. त्यांचा गिटारवाला डेव्हिड गिलमर चार सुरांत जे सांगतो ते सोपं वाटतं, म्हणून ते 'प्रगत' कसं? हा आक्षेप मला मनापासून चुकीचा वाटतो. आपल्याकडे विलंबित गाणाऱ्याला कोणी कच्चा म्हणत नाही. संथ लयीत सूर धरून ठेवणं आणि ऐकणाऱ्याला बांधून ठेवणं ही सगळ्यात अवघड गोष्ट आहे. १९७० ते १९७९ चा पिंक फ्लॉइड प्रॉग आहे आणि त्याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नाही.

रश. १९७४ ची पहिली रेकॉर्ड साधी हार्ड रॉक, १९७६ चं '२११२' पूर्ण प्रॉग. १९८१ च्या 'मूव्हिंग पिक्चर्स'वरचं 'वायवायझी' तुझ्यासाठी जरा जवळून दाखवते, कारण तू ढोल पथकातून आलेला आहेस आणि हे तुला हातांनी कळेल. वायवायझी हा टोरांटोच्या विमानतळाचा कोड. तो मोर्स कोडमध्ये जसा वाजतो तोच गाण्याच्या सुरुवातीचा ठेका आहे. मोर्समधला लांब ठोका या गाण्यात म्हणजे आपला गुरू, दोन मात्रा; आखूड म्हणजे लघू, एक मात्रा. वाय हे अक्षर गुरू-लघू-गुरू-गुरू, म्हणजे र गण आणि वर एक गुरू. सात मात्रा. झेड म्हणजे गुरू-गुरू-लघू-लघू, त गण आणि वर एक लघू. सहा मात्रा. सात, सात आणि सहा मिळून वीस. शाळेत 'यमाताराजभानसलगं' पाठ केलंस ना, तेच. हे आवर्तन इंग्रजीत आकडे मोजत बसवू नकोस, 'राजभा गा, राजभा गा, ताराज ल' असं तोंडाने म्हण, दोन दिवसांत हातात येईल.

याच धाग्यावरून टूलकडे जाता येतं. २००१ च्या 'लॅटरलस' गाण्यात शब्दांची अक्षरं एक, एक, दोन, तीन, पाच, आठ अशी मोजून बांधली आहेत, आणि मुख्य भागातल्या मात्रा नऊ, आठ, सात अशा फिरतात. ९८७ हाही त्याच मालिकेतला आकडा. जगभर त्या मालिकेला फिबोनाची म्हणतात. आपल्याकडे बाराव्या शतकात हेमचंद्राने हीच मालिका छंदांसाठी सांगितली होती. ठरावीक मात्रा लघू-गुरूंनी किती प्रकारे भरता येतात, याचं उत्तर तीच मालिका देते. सहा मात्रा १३ प्रकारांनी, सात मात्रा २१ प्रकारांनी. वर सांगितलेलं वाय हे त्या २१ मधलं एक, झेड त्या १३ मधलं एक. टूलचे चाहते या मोजणीवरच टूलला प्रॉग ठरवतात, ते मला मान्य नाही. मोजणी हा नकाशा झाला. टूल माझ्या वहीत पास होतात ते वेगळ्या कारणाने. त्यांचा रिफ एकदम बदलत नाही, दर आवर्तनाला एखादा ठोका इकडचा तिकडे होतो, आणि आठ-नऊ मिनिटांनी आपण पूर्ण वेगळ्या जागी पोचलेले असतो. 'लॅटरलस' प्रॉग. १९९३ चं 'अंडरटो' नाही.

ड्रीम थिएटर: होय. १९९९ च्या 'सीन्स फ्रॉम अ मेमरी'मध्ये १९९२ च्या 'मेट्रोपोलिस'चा ऐवज परत येतो, वाढतो. मला त्यांचे लांब सोलो फार काळ ऐकवत नाहीत, पण माझी आवड हा निकष नव्हे.

क्वीन: बँड म्हणून नाही. 'बोहेमियन रॅप्सडी'त चार तुकडे एकापुढे एक लावले आहेत, शेवटी सुरुवातीची उदासी परत येते आणि ती जागा खरोखर सुंदर आहे, पण मधला ऑपेरा आधीच्या ऐवजातून उगवत नाही. १९७४ चं 'क्वीन टू' जास्त जवळ जातं. लेड झेपेलिनचं नाव तुम्ही घेतलं नाहीत ते बरं केलंत.

रेडिओहेडवर थोडं थांबते, कारण इथे शब्दाचाच घोळ आहे. 'प्रोग्रेसिव्ह' हे विशेषण आहे आणि 'प्रॉग' हे आता विशेषनाम झालं आहे. २००० चं 'किड ए' विशेषण म्हणून अगदी प्रोग्रेसिव्ह, बँडने स्वतःची यशस्वी वाट सोडून पुढे उडी घेतली. विशेषनाम म्हणून ते प्रॉग नाही. उलट १९८३ चं मॅरिलियन बघ. त्यांनी दहा वर्षांपूर्वीच्या जेनेसिसची वाट पुन्हा तुडवली, विशेषण त्यांना लागू नाही, पण विशेषनाम नक्की लागू. १९८५ ची 'मिसप्लेस्ड चाइल्डहुड' वहीत उतरवली तर पासही होते. तुमच्या ग्रुपमधले दोघं एकच शब्द बोलतात आणि एकाच्या मनात विशेषण असतं, दुसऱ्याच्या विशेषनाम. म्हणून भांडण मिटत नाही. १९९७ चं 'पॅरानॉइड अँड्रॉइड' हे एक गाणं मी प्रॉगमध्ये घेईन, बाकी 'ओके कॉम्प्युटर' नाही.

आणखी एक, कारण भांडणाच्या मुळाशी बहुधा हेच असतं. प्रॉग म्हणजे चांगलं, आणि प्रॉग नाही म्हणजे कमी, असं मनात धरू नका. यसचं १९७३ चं 'टेल्स फ्रॉम टोपोग्राफिक ओशन्स' घे. परमहंस योगानंदांच्या आत्मचरित्रातली एक तळटीप वाचून बँडच्या गायकाला, जॉन अँडरसनला, कल्पना सुचली. श्रुती, स्मृती, पुराण, तंत्र अशा चार शास्त्रांच्या चार बाजू, दोन तबकड्या. माझ्यासारखीला हे वाचूनच केवढं अप्रूप वाटलं होतं. ऐकलं तेव्हा वाईट वाटलं. ऐवज एका बाजूपुरता आणि जागा चार बाजूंची, बढत जागोजागी पातळ झालेली. कीबोर्डवाल्या रिक वेकमनला ती रेकॉर्ड पटली नाही आणि पुढच्या वर्षी तो बँड सोडून गेला. ती प्रॉग आहे का? शंभर टक्के. 'क्लोज टू द एज'च्या पासंगाला पुरते का? नाही. आणि जगात अशी कितीतरी तीन मिनिटांची गाणी आहेत जी त्या चार बाजूंवरून मी ओवाळून टाकणार नाही.

आपल्याकडचे बँड तू विचारले नाहीस, पण विचारायला हवेस. बंगळूरचे अगम स्वतःला कर्नाटकी प्रोग्रेसिव्ह रॉक म्हणवतात आणि तिथे प्रश्न खरोखर अवघड होतो, कारण बढत कृतीतून, म्हणजे कर्नाटकी संगीतातल्या बंदिशीतून, येते आणि घर रॉकचं असतं. माझं मत त्यांना आत घ्यावं असं आहे. मुंबईच्या कोशिशची २०१३ ची 'फिरदौस' हिंदीतली आहे, सलग ऐकायची रेकॉर्ड आहे, ती आधी ऐका आणि मग परदेशी नावांवर भांडा. इंग्लंडचे पॉर्क्युपाइन ट्री डिसेंबर २००९ मध्ये पवईला आयआयटीच्या मूड इंडिगो महोत्सवात आले होते तेव्हा मी पंचवटी एक्स्प्रेसने गेले होते. माझ्या आसपास कॉलेजातली पोरं लांबलचक गाण्यांचा शब्दन् शब्द म्हणत होती. तोवर मला वाटायचं, हे वेड नाशकात आम्हा चार जणांनाच आहे.

आता तुमची ४० मिनिटं. 'वायवायझी' साडेचार. 'ब्रीद' आणि त्याला जोडून 'टाइम', परत येणाऱ्या 'ब्रीद'सकट, मिळून पावणेदहाच्या आसपास. जेनेसिसचं 'फर्थ ऑफ फिफ्थ' साडेनऊ. 'स्टारलेस' सव्वाबारा. बेरीज छत्तीस, उरलेली चार ट्यूनिंगला आणि वायर बदलायला लागतीलच. 'मनी' घेऊ नका, लोकांना आवडेल पण ते वहीत पास होत नाही, आणि पोस्टरवर तुम्ही शब्द छापलाय. कीबोर्डवाली रेडिओहेडसाठी रुसली तर तिला 'फर्थ ऑफ फिफ्थ'ची सुरुवात ऐकव. तो एकट्या पियानोचा भाग पुढे सिंथवर पूर्ण बँडसोबत परत येतो, आणि मधली बासरीची ओळ स्टीव्ह हॅकेटच्या गिटारवर मोठी होऊन येते. तिला आणि गिटारवाल्याला, दोघांनाही आयुष्यभर पुरेल इतकं काम त्यात आहे. 'पॅरानॉइड अँड्रॉइड' बसवून ठेवा, वन्स मोअर झालं तर वाजवा.

'स्टारलेस'मध्ये तेराचं आवर्तन बेसवाल्याने धरायचं, तू नाही. तुला सुरुवातीला जवळजवळ गप्प बसायचंय, आणि ढोलाची सवय असलेल्या हाताला तेच सगळ्यात कठीण जाईल. बेसवाल्याला सांग, फ्लॉइड प्रॉग आहे की नाही हे त्याने तेरा न चुकवता पाच मिनिटं वाजवल्यावर बोलूया.

राहिला सॅक्सोफोन. तो कीबोर्डवर वाजवू नका, शेवटच्या पानाची सगळी ताकद त्या फुंकेत आहे. नाशकात लग्नाच्या बँडमध्ये सॅक्सोफोन आणि क्लॅरिनेट वाजवणारी पक्की माणसं आहेत, त्यांना सुरावट नुसती ऐकवली तरी उचलतात. पण संक्रांत झाली की मुहूर्त सुरू होतात आणि मग संध्याकाळी ती कोणाला सापडत नाहीत, तेव्हा आत्ताच जाऊन तारीख बोला. माझी ती वही क्लासमध्येच आहे. रविवारी सकाळी दहानंतर या, 'स्टारलेस'ची पानं झेरॉक्स करून देते. तेराचे खाने कुठे सुरू होतात तिथे कडेला लाल पेन्सिलने फुली केलेली आहे.